आदिवासी तलवारी ओळखताना : संग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलवार हाती येते तेव्हा तिच्याबरोबर बहुतेक वेळा एक चिठ्ठी येते, नाहीतर विकणाऱ्याने सांगितलेली एक गोष्ट येते. ती चिठ्ठी आणि ती गोष्ट थोडा वेळ बाजूला ठेवून लोखंड, लाकूड, वेत आणि चामडे काय सांगतात ते कसे पाहायचे, एवढाच या पानाचा विषय आहे. नव्या संग्राहकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

‘आदिवासी तलवार’ म्हणजे नक्की कोणती?

हा शब्द लिलावांच्या आणि जुन्या संग्रहालयांच्या याद्यांतून आला आहे. राजदरबारांची किंवा कवायती सैन्याची शस्त्रे एका बाजूला ठेवली आणि उरलेल्या सगळ्यांवर हा एकच शिक्का मारला गेला. त्यामुळे सहारातल्या तुआरेगांची ताकूबा, बोर्निओतल्या दायाकांचे मंडाऊ, नागांचा दाओ, पूर्व आफ्रिकेतल्या मसाईंची सेमे आणि फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटाची कंपिलान एकाच कप्प्यात जाऊन पडली. प्रत्यक्षात त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही. कंपिलान तर सुलतानशाही असलेल्या समाजांतली आहे. यादी शोधायला हा शब्द उपयोगी पडतो, पण तुमच्या नोंदवहीत तो नको. तिथे लोकसमूहाचे नाव हवे, आणि ते ठाऊक नसेल तर प्रदेशाचे.

दाओ किंवा मंडाऊ ही तलवार मानायची की कोयता?

दोन्ही. नागा दाओने माणूस लढला, त्यानेच झाडे तोडली, घराचे वासे तासले आणि मांस कापले. ‘हत्यार’ या आपल्या शब्दात अवजार आणि शस्त्र दोन्ही मावतात, तसेच हे आहे. काही समूहांत मात्र कामाचे पाते आणि मिरवायचे पाते वेगळे असते. ते पात्याच्या लांबीपेक्षा मुठीवरच्या मेहनतीवरून आणि धारेच्या झिजेवरून लवकर कळते. रोज दगडावर घासलेली धार मधल्या भागात खोलगट होत जाते. समारंभापुरत्या बाहेर काढलेल्या पात्याची कडा शेवटपर्यंत सलग राहते.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर सुरुवात कुठून करायची?

आधी म्यानातून सुरक्षितपणे बाहेर काढण्यापासून. दोन फळ्या वेताने बांधून केलेल्या म्यानांत बांधणी सैल पडलेली असते आणि धार फटीतून बाहेर येऊ शकते. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरा, धारेच्या बाजूला बोटे जाऊ देऊ नका. तळहात कापून घेतलेले दोन अनुभवी संग्राहक मला माहीत आहेत.

मग मोजमाप. एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, सर्वांत रुंद जागा आणि ती टोकापासून किती अंतरावर आहे, वजन, तोल कुठे येतो, हे सगळे लिहा. सगळ्यांत मोलाचे माप मात्र बहुतेक जण घेतच नाहीत, ते म्हणजे पाठीची जाडी. ती मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे अशी तीन ठिकाणी घ्या. ऐरणीवर घडवलेल्या पात्याची पाठ मुठीकडून टोकाकडे पातळ होत जाते. पत्र्यातून कापून काढलेल्या पात्याची जाडी तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी येते. फोटोत सुंदर दिसणारी कितीतरी पाती या एका मापात उघडी पडतात.

त्यानंतर पात्याचा छेद पाहा. धार एका बाजूने की दोन्ही बाजूंनी? एकाच बाजूने असेल तर ती पटाशीसारखी, म्हणजे पात्याच्या एकाच अंगाने तासलेली आहे का? मध्ये उंच कणा आहे की पन्हळ, म्हणजे लांबट खाच? मग मुठीत जाणारी पात्याची शेपटी कशी बसवली आहे ते पाहा : राळ ओतून, खिळा मारून, वरून ठोकून, की मूठ आणि पाते मुळातच एका लोखंडाचे? मेघालयातल्या गारोंच्या मिलाम या तलवारीत मूठ ते टोक सलग एकच लोखंड असते, दोन्ही कडांना धार असते आणि आडव्या दांड्याला बैलाच्या शेपटीच्या केसांचे झुबके बांधलेले असतात. अशी रचना दिसली की शोध फार दूर न्यावा लागत नाही.

शेवटी म्यान आणि पट्टा. नवे लोक त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. मी स्वतः आता म्यानापासूनच सुरुवात करतो.

नुसत्या पात्यावरून लोकसमूह सांगता येतो का?

क्वचित. या छंदातल्या निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाती प्रवास करतात. जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये घडलेली पाती व्यापाऱ्यांकडून उत्तर आफ्रिकेत आणि तिथून उंटांच्या काफिल्यांबरोबर सहारापार गेली. तिथे त्यांना स्थानिक मुठी बसल्या. पुढे स्थानिक लोहारांनी तशीच पाती घडवली आणि त्यांवर युरोपीय खुणाही उमटवल्या : धावता लांडगा, चेहऱ्याची चंद्रकोर. त्यामुळे ताकूबावर लांडगा दिसला म्हणून पाते जर्मन ठरत नाही. मूळ खूण रेखीव असते आणि पात्याच्या झिजेबरोबर तीही झिजलेली असते, तर नक्कल बहुधा छिन्नीच्या चार-सहा घावांत उरकलेली असते.

इथिओपियातले उदाहरण आणखी बोलके आहे. सम्राट दुसरा मेनेलिक याच्या काळात (१८८९ ते १९१३) यहुदाचा सिंह हे राजचिन्ह आणि अम्हारिक मजकूर कोरलेली पाती जर्मनीत बनून आली. पाते झोलिंगेनचे, अक्षरे अम्हारिक आणि म्यान इथिओपियन कारागिराचे. ही तलवार जर्मन म्हणावी की इथिओपियन? माझे उत्तर इथिओपियन असे आहे, कारण ज्यांनी ती मागवली, मूठ-म्यान चढवले आणि कमरेला बांधली, त्यांची ती झाली. पण नोंद करताना पात्याचे मूळ वेगळ्या ओळीत लिहायलाच हवे.

घडवणारे आणि वापरणारे एकाच समूहाचे असतील असेही नाही. तुआरेग समाजात लोहारकाम, सुतारकाम आणि चांदीचे काम इनादान या वेगळ्या कारागीर वर्गाकडे असते. अरुणाचलच्या उत्तरेकडच्या काही जमातींनी तिबेटी लांब तलवारी घेतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या म्हणून वापरल्या. म्हणून पाते, मूठ, म्यान आणि पट्टा यांना चार वेगळे साक्षीदार समजा. चौघांची जबानी जुळली तर उत्तम, नाही जुळली तरी त्यात तलवारीचा प्रवास कळतो.

ताकूबा आणि कस्कारा यांत फरक कसा करायचा?

दोन्ही सरळ, दुधारी, आडव्या दांड्याच्या आणि साधारण मीटरभर लांब, म्हणून गोंधळ होतो. मूठ पाहा. सुदानच्या कस्काराचा आडवा दांडा घडीव लोखंडाचा असतो आणि टोकांकडे रुंद होत जातो. मुठीच्या शेवटी धातूचा गोळा नसतो, चामडे गुंडाळलेली चपटी चकती असते. ताकूबाचा दांडा पेटीसारखा, जाडसर आणि बहुधा चामड्याने किंवा पितळेने मढवलेला असतो. तिच्या मुठीला वर धातूचा ठसठशीत शेवट असतो, तो पुष्कळदा पितळ आणि लोखंडाचे थर रचून केलेला.

कस्काराचे चामडी म्यान टोकाच्या थोडे अलीकडे फुगीर होते. ही खूण दुरूनही दिसते. १८८१ मध्ये सुदानात सुरू झालेल्या महदी या धर्मनेत्याच्या उठावापासून, १८९८ मध्ये ब्रिटिश-इजिप्शियन फौजेने जिंकलेल्या ओम्दुर्मानच्या लढाईपर्यंतच्या काळामुळे कस्कारांना मोठी मागणी असते, आणि म्हणूनच बाजारात आलेली प्रत्येक कस्कारा ‘ओम्दुर्मानची’ असते. पूर्व सुदानमधल्या कसाला भागात या तलवारी त्यानंतरही घडत राहिल्या. लढाईशी नाते जोडायचे तर त्या तलवारीचा हातोहात आलेला इतिहास कागदावर हवा.

म्यान एका बाजूने उघडे आहे. म्हणजे तुटले आहे का?

नाही, आणि कृपया त्यावर फळी बसवून ‘दुरुस्ती’ करू नका. एका बाजूने कोरलेले लाकूड आणि दुसऱ्या बाजूने पाते उघडे, असे म्यान ईशान्य भारतात, उत्तर म्यानमारच्या कचिन प्रदेशात आणि तैवानच्या मूळ रहिवाशांतही आढळते. यांतले कोणते, ते पुढच्या तपशिलांवरून ठरते.

कचिन पाते टोकाकडे रुंद होत जाते आणि शेवटी जवळजवळ आडवे छाटल्यासारखे संपते. त्याला भोसकण्याजोगे टोक नसतेच. म्यानाला वेताचे कडे असते आणि ते खांद्यावरून अडकवतात. नागा दाओही पुढे रुंद होतो, पण तो जास्त आखूड आणि पुढच्या बाजूला जड असतो. धार पटाशीसारखी एका अंगाने तासलेली असते, मूठ लाकडाची किंवा बांबूची. तैवानच्या पात्यांना टोक असते आणि बाक असतो. म्यानाची उघडी बाजू तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी आवळलेली असते. तिथल्या काही सुऱ्यांत पात्याचेच लोखंड वळवून पोकळ नळीसारखी मूठ केलेली असते, आणि ती पाहिली की बहुतेक शंका मिटते.

मंडाऊ अस्सल आहे हे कसे ओळखायचे?

पाते आडवे धरून टोकाकडून मुठीकडे नजर टाका. जुन्या चांगल्या मंडाऊचे एक अंग किंचित फुगीर आणि दुसरे किंचित खोलगट असते. डावखुऱ्या माणसासाठी हीच रचना उलटी केलेली असते. दोन्ही अंगे सपाट असतील तर पाते बहुधा विक्रीसाठी कापलेले आहे. मूठ सांबराच्या शिंगाची असेल तर शिंगाच्या आतला सच्छिद्र गाभा कुठेतरी डोकावतो आणि कोरीव काम वर्षानुवर्षांच्या हाताळणीने उंचवट्यांवर गुळगुळीत होते. सगळीकडे सारखेच धारदार कोरीव काम असलेली मूठ नवी समजावी. म्यानाच्या आतल्या अंगाला एका छोट्या सुरीसाठी वेगळा खण असतो. ही लांब दांड्याची सुरी कोरीव कामाची आणि वेत सोलायची. पुष्कळदा ती हरवलेली असते, पण खणाची जागा राहते.

पात्यावर पितळ भरलेली गोल छिद्रे असतील तर भिंगातून पाहा. पितळ पात्याच्या पृष्ठभागाशी एकजीव होऊन झिजलेले दिसले पाहिजे.

त्या छिद्रांची संख्या म्हणजे घेतलेल्या शिरांची संख्या, हे खरे का?

विक्रेत्यांची ही आवडती गोष्ट आहे. ती छिद्रे पाते घडवतानाच नक्षीच्या ओळीत पाडलेली असतात, मालकाच्या आयुष्यात एकेक वाढत गेलेली नसतात. अशाच आणखी काही समजुती आहेत. पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी नसते. कडकपणा टिकवून वजन कमी करण्यासाठी ती असते. काँगो खोऱ्यातल्या कोयत्यासारख्या मोठ्या पात्यांना युरोपीय प्रवाशांनी सरसकट ‘शिरच्छेदाची तलवार’ म्हटले, पण त्यांतली पुष्कळशी प्रतिष्ठेची आणि नाचात मिरवायची होती. याच प्रदेशातल्या कुबा लोकांचा इकुल तर शांततेच्या काळात कमरेला लावायचा, आणि त्याची काही पाती चक्क लाकडाची असतात. अशा समाजाला नुसते क्रूर ठरवणारी गोष्ट ऐकवून वस्तूची किंमत वाढवली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

मोरो तलवारींचे मुख्य प्रकार कोणते?

मोरो म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधले मुस्लिम लोकसमूह. त्यांचे तीन प्रकार आधी ओळखायला शिका. कंपिलान लांब, एकधारी, टोकाकडे रुंद. टोकाजवळ पाठीवर एक बारीक काटा असतो आणि मुठीचा शेवट उघड्या जबड्यासारखा दुभंगलेला असतो. बारोंग पानाच्या आकाराचे, जाड पाठीचे, प्रामुख्याने सुलू द्वीपसमूहातले. तिसरी क्रिस, जावाच्या केरिस या कट्यारीपेक्षा मोठी आणि घाव घालण्यासाठी केलेली. ती नागमोडीच असते असे नाही, सरळ क्रिसही भरपूर आहेत.

क्रिसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पात्याच्या मुठीकडच्या भागात गंग्या नावाचा एक आडवा तुकडा असतो. जुन्या पात्यांत तो खरोखर वेगळा घडवून बसवलेला असतो आणि सांध्याची फट दिसते. विसाव्या शतकातल्या अनेक पात्यांत तो वेगळा नसतो, सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरलेली असते. भिंगाखाली फट आणि रेघ यांतला फरक कळतो. फटीत गंज खोल गेलेला असतो, रेघेला तळ दिसतो.

वय कसे ठरवायचे?

वय ठरवण्यापेक्षा ‘या वर्षाच्या आधीची नाही’ एवढे ठरवणे जास्त प्रामाणिक आहे. त्यासाठी साहित्य मदत करते. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विद्युत पद्धत १८८६ ची. त्यामुळे मुठीत ॲल्युमिनियमचे कडे असेल तर ते कडे बहुधा विसाव्या शतकातले. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ ची, म्हणून भडक जांभळे-गुलाबी रंगवलेले केस किंवा चामडे त्यानंतरचे. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. मसाई सेमेचे पाते गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून किंवा जुन्या कानशीतून घडवलेले असेल, तर कधीकधी कानशीचे दाते पुसट दिसतात.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, दुरुस्ती. कडे नवे आणि पाते जुने असू शकते, म्हणून प्रत्येक भागाचे वय वेगळे लिहावे. दुसरा, नाणी. ईशान्य आफ्रिकेतल्या वस्तूंवर ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेझा हिचे चांदीचे नाणे जडवलेले आढळते आणि त्यावर १७८० हे साल असते. राणी त्या साली वारली, पण तेच साल घालून ते नाणे पुढे विसाव्या शतकातही पाडले जात होते. त्या नाण्यावरून तलवारीचे वय काढणे म्हणजे शुद्ध फसगत.

काळपट झिलई हा पुरावा मानू नका. आम्ल लावून काळे केलेले पाते सगळीकडे सारखे काळे असते. वापरातले पाते हात लागतो तिथे, म्यानात घासते तिथे आणि धारेजवळ वेगवेगळे दिसते.

पर्यटकांसाठी बनवलेली तलवार नकली म्हणायची का?

तिला कोणी जुनी म्हणून विकत नसेल तर नाही. तीही त्याच समाजातल्या माणसाने बनवलेली, त्याच्या काळाची वस्तू आहे. काही ठिकाणी परदेशी लोकांना विकण्यासाठी शस्त्रे बनवण्याला आता शंभर वर्षे होऊन गेली आहेत. चूक आहे ती खोटे वय सांगण्यात.

माझ्या संग्रहाचे वर्गीकरण कोणत्या पद्धतीने करू?

ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय १८८४ मध्ये स्थापन झाले. तिथे वस्तू देशानुसार न मांडता प्रकारानुसार मांडल्या आहेत, म्हणजे जगभरची एका जातीची शस्त्रे शेजारी शेजारी. या मांडणीत आकारातली साम्ये झटकन दिसतात. त्यामागे साध्यापासून गुंतागुंतीकडे ‘प्रगती’ होत जाते अशी त्या काळाची धारणा होती, ती आज कोणी मानत नाही. दुसरी पद्धत प्रदेश आणि लोकसमूहाची. घरगुती संग्रहासाठी मी दुसरीच सुचवतो, फक्त प्रत्येक नोंदीत आकाराचे वर्णनही ठेवावे, म्हणजे पहिल्या पद्धतीनेही शोधता येते.

नोंदीत वस्तूचे स्थानिक नाव, बाजारात चालणारे नाव, लोकसमूह, प्रदेश, प्रत्येक भागाचे साहित्य, मापे, कोणाकडून कधी मिळाली, आणि ओळखीची खात्री हे सगळे यावे. खात्रीसाठी मी तीनच शब्द वापरतो : निश्चित, संभाव्य, तर्क. शेजारी कारण लिहितो. ‘संभाव्य इबान (बोर्निओतला एक दायाक समूह), म्यानाच्या बांधणीवरून’ अशी ओळ दहा वर्षांनी वाचली तरी उपयोगी पडते. नुसते ‘इबान’ लिहिलेले असेल तर ते कशावरून लिहिले हे आपल्यालाच आठवत नाही. जुनी चिठ्ठी चुकीची वाटली तरी ती फेकू नका, तीही वस्तूचा भाग आहे.

ताडून पाहायला विश्वासाचे नमुने कुठे मिळतील?

संग्रहालयांच्या खुल्या याद्यांत, आणि त्यांतही कोणी, कुठे, कोणत्या साली गोळा केली हे लिहिलेल्या वस्तूंत. पिट रिव्हर्समध्ये हटन आणि मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नागा प्रदेशातून आणलेल्या वस्तू आहेत, मध्य आफ्रिकेसाठी बेल्जियममधल्या तेर्व्हुरेनचे संग्रहालय आहे, बोर्निओ आणि इंडोनेशियासाठी नेदरलँड्समधल्या लायडनचे. लिलावांच्या फोटोंवर मात्र विसंबू नका. एका यादीतली चूक दुसरी यादी उचलते, आणि पाचव्या वेळी ती वस्तुस्थिती वाटू लागते.

साफसफाई किती करावी?

शक्य तितकी कमी. सैल गंज मऊ कापडाने आणि हलक्या तेलाने काढा, सॅंडपेपर कधीही नको. घासून चकचकीत केलेल्या पात्यावरचे थर, खुणा आणि पाणी दिलेल्या धारेची रेषा कायमची जाते. मुठीला गरम पाणी लावू नका. बोर्निओ आणि फिलिपिन्सच्या मुठी राळेने बसवलेल्या असतात, आणि राळ उष्णतेने मऊ होते. माझ्या पहिल्या मंडाऊची मूठ मी कोमट पाण्याने पुसली आणि ती पात्यावर फिरू लागली. ती पुन्हा बसवता आली, पण आत शंभरएक वर्षे टिकलेली मूळ राळ मी बिघडवली याचे दुःख अजून आहे. वेताला कोरडेपणा सोसत नाही, चामड्याला ओल सोसत नाही. पाते चामडी म्यानात कायमचे ठेवू नका. चामडे ओल धरते आणि आतून गंज लावते.

काय घेऊ नये?

हस्तिदंत असलेल्या वस्तूंचा विचार आधी करा. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे. आशियाई हत्ती तेव्हापासूनच त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि आफ्रिकी हत्तीला १९८९ मध्ये त्या यादीत टाकण्याचा निर्णय झाला. मंडाऊच्या म्यानाला धनेशाची पिसे असतील तर तीही याच नियमांत येऊ शकतात. जुनी वस्तू आहे एवढे तोंडी सांगणे सीमेवर चालत नाही. शस्त्र बाळगण्याचे नियमही देशोदेशी वेगळे आहेत, ते पैसे देण्यापूर्वी पाहावेत.

लुटीचा माल हा दुसरा विषय. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातले बेनिन शहर लुटले, त्यातल्या वस्तू आज परत जात आहेत. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. त्यानंतर एखाद्या देशातून बाहेर आलेल्या वस्तूचे कागद मागणे हा तुमचा हक्क आहे.

आणि केस. मंडाऊच्या मुठीवरचे किंवा नागा शस्त्रांवरचे झुबके बहुधा प्राण्यांच्या केसांचे असतात, पण काही माणसांच्या केसांचे आहेत. ते कोणाचे तरी केस आहेत. अशी वस्तू आधीच तुमच्याकडे असेल तर ती समाजमाध्यमांवर मिरवू नका. प्रदेशाची ओळख पक्की करा आणि त्या भागावर काम करणाऱ्या संग्रहालयाला कळवा. त्या समाजातल्या लोकांशी बोलून पुढे काय करायचे ते त्यांना ठरवता येते.